गरिबाघरची चूल : भामरागडची आणि इटलीची

इटली या देशाचे नाव आपल्या भागात पूर्वी शाळेतल्या नकाशापुरतेच होते. बुटाच्या आकाराचा देश, एवढीच त्याची ओळख. आता तेच नाव स्वयंपाकघराच्या वाटेने घरात आले आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या लग्नात पास्त्याचे वेगळे टेबल मांडलेले दिसते, आणि पिझ्झा म्हणजे काय हे मुलांना सांगावे लागत नाही. परंतु पिझ्झा आणि पास्ता म्हणजेच इटलीचा स्वयंपाक असे समजणे, हे श्रीखंड-पुरी म्हणजेच महाराष्ट्राचा स्वयंपाक असे समजण्यासारखे होय. श्रीखंड-पुरी आपल्यापैकी किती घरांत, वर्षातून किती वेळा होते, हे भगिनींना मी सांगावयास नको.

इटालियन लोक आपल्या रांधण्याच्या एका मोठ्या भागाला 'गरिबांचा स्वयंपाक' असेच म्हणतात. शिळा पाव, रानातले कंद, झाडाखाली पडलेली फळे, वरकस धान्ये, यांवर तो उभा आहे. त्याविषयी मी मिळेल ते वाचीत गेले, आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थापाशी मला इथलीच एखादी चूल आठवली. मी मूळची या भागातली नव्हे; वर्धेकडून नोकरीनिमित्त आले आणि इथलीच झाले. कदाचित म्हणूनच, जे इथे जन्मलेल्यांना सांगण्याजोगे वाटत नाही, ते मला लिहिण्याजोगे वाटते.

प्रथम या मुलखाविषयी थोडे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावरचे हे गाव. पलीकडे अबूझमाडचे डोंगर. इंग्रजी अमदानीत हा भाग मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता आणि आजूबाजूचे जंगल अहेरीच्या जमीनदारीचे. १९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या. १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा, अशी या गावाची सरकारी पाटी बदलत गेली. म्हणजे जागेवरून न हलता एखाद्या म्हातारीने एका जन्मात चार राज्ये पाहिली! चुलीवरचे मडके मात्र तेच होते.

त्या मडक्यात काय असे? जावा. कोसरी, म्हणजे ज्याला इतरत्र कुटकी म्हणतात ते बारीक धान्य, किंवा तांदळाच्या कण्या, भरपूर पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज. शेजारच्या तेलंगणातही पेजेला जावाच म्हणतात. सकाळी शिजवावी, भोपळ्याच्या तुंब्यात भरावी, रानात न्यावी, आणि उन्हे चढली की पानाच्या द्रोणातून प्यावी. उन्हाळ्यात ती किंचित आंबते आणि त्यामुळेच गोड लागते. पोट भरते, तहानही भागते. उन्हात काम करणाऱ्या माणसासाठी याहून शहाणा पदार्थ मला ठाऊक नाही.

ही कोसरी पूर्वी पेंड्यावर पिकत असे. डोंगरउतारावरची झाडे तोडावयाची, वाळली की जाळावयाची आणि त्या राखेत बी टाकावयाचे. नांगर नाही, बैल नाही. दोन-तीन वर्षांनी जागा सोडून दुसरीकडे जावयाचे. विल्फ्रिड ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवर १९३८ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात या शेतीची बारकाईने नोंद आहे. जंगले राखीव होत गेली तशी ही शेती आखडली आणि माणसे खाली धानाच्या बांध्यांकडे आली. कोसरी मागे पडण्याची सुरुवात तेथूनच आहे.

आता इटलीकडे वळू. उत्तर इटलीच्या गरिबांचे मुख्य अन्न म्हणजे पोलेंता. उकळत्या पाण्यात भरड पीठ सोडून ते लाकडी दांड्याने तासभर ढवळीत राहावयाचे, आणि घट्ट झाले की लाकडी पाटावर ओतून दोऱ्याने कापावयाचे. आपल्या उकडीच्याच जातीचा हा पदार्थ. आज पोलेंता मक्याची असते. परंतु मका हे अमेरिकेचे धान्य. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला, त्यानंतर ते युरोपात आले. त्याआधीची पोलेंता कशाची होती? वरीची, राळ्याची, चेस्टनटच्या पिठाची. राळ्याच्या शास्त्रीय नावातच इटलीचे नाव आहे, आणि वरी व आपली कोसरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळशाखेतल्या. तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या आसपासची एखादी शेतकरीण चुलीवर जे ढवळीत होती ते इथल्या बाईने सहज ओळखले असते.

मग मका आला, आणि त्याबरोबर एक दुखणे आले. मका एकरी जास्त पिकतो, म्हणून जमीनमालकांनी तो लावला आणि कुळांच्या ताटात तीनही वेळा मक्याचीच पोलेंता राहिली. अठराव्या शतकात उत्तर इटलीत अंगाची कातडी फुटणे, हगवण आणि अखेरीस वेड लागणे अशा रोगाची लागण दिसू लागली. मिलानचे वैद्य फ्रापोल्ली यांनी १७७१ साली त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे लोकांच्या तोंडचे नाव पुस्तकात आणले. १८८१ च्या मोजणीत इटलीत या रोगाचे लाखाच्या वर रोगी निघाले. कोणी म्हणे मका कुजका असतो, कोणी म्हणे हा रक्तातलाच दोष. खरे कारण विसाव्या शतकात कळले : मक्यात एक जीवनसत्त्व असते खरे, पण ते अशा रीतीने बांधलेले असते की शरीराला ते घेता येत नाही. हे जीवनसत्त्व कोणते, ते १९३७ साली निश्चित झाले.

परंतु मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षे मकाच खात आल्या आणि त्यांना हा रोग नव्हता. का? त्या मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटीत. चुन्याने ते बांधलेले सत्त्व सुटते. त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. आई करीत होती म्हणून मुलगी करीत होती. जहाजांतून युरोपात मका आला, पण मका रांधणारीची कृती आली नाही. ती कोणी विचारलीच नाही. एका घरगुती कृतीच्या अभावी दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसे वेडी होऊन मेली, हा इतिहास मला लढायांच्या इतिहासापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या कडूकंदात आहे. पावसाळा सरला की रानातून खणून आणलेला हा कंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, ओकाऱ्या होतात. अधिक खाल्ला तर जीवावर बेतते. इथल्या जुन्या बायका तो सोलून पातळ काचऱ्या करतात, राख घालून उकडतात, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवतात आणि वर दगड ठेवतात. पाणी वाहतेच पाहिजे. साचलेल्या पाण्यात कडूपणा जात नाही. एका आजीबाईंना मी विचारले, 'किती रात्री ठेवायचा?' त्या म्हणाल्या, 'कंद सांगेल.' मला वाटले टाळताहेत. पुढे दोन-तीनदा त्यांच्याबरोबर बसले तेव्हा उमगले की त्या एक काचरी बोटांत दाबून पाहतात, वास घेतात, जिभेच्या टोकाला लावून थुंकतात आणि मगच ठरवितात. हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. (वाचक भगिनींनी हौसेखातर हा प्रयोग घरी करू नये, ही कळकळीची विनंती. जाणतीच्या हाताखालीच तो शिकावयाचा आहे.)

इटलीच्या दक्षिण टोकाला पुलिया नावाचा कोरडा, दगडाळ प्रांत आहे. तिकडे लाम्पाशोनी नावाचे लहान, कांद्यासारखे रानकंद खातात. तेही कडूच. जमिनीतून खणून काढावयाचे, पाण्यात भिजत घालावयाचे, पाणी पुनःपुन्हा बदलावयाचे, उकडावयाचे, आणि तेल व शिरका घालून वाढावयाचे. थोडा कडूपणा मुद्दाम ठेवतात, जसा आपण कारल्यात ठेवतो. त्याच प्रांतात जळक्या गव्हाच्या करड्या पिठाचा पास्ता करतात. मालकाचे पीक कापून झाले, धसकटे जाळली, की त्या राखेतले उरलेले दाणे गरिबांनी वेचावे, त्यातून हे पीठ निघाले असे सांगतात. आज तेच जळके पीठ मोठ्या हॉटेलांत मुद्दाम मागवितात, आणि त्यासाठी गहू मुद्दाम भाजतात! गरिबीची चव श्रीमंतांना आवडू लागली की ती महाग होते, हा अनुभव सगळ्या देशांत सारखाच दिसतो.

मोहाविषयी तर किती लिहावे! मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि दिवस उगवायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन पोहोचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून त्याचे लाडू होतात; ते महिनोन् महिने टिकतात. फळांतल्या बियांचे तेल निघते, ते थंडीत तुपासारखे थिजते आणि त्यात भाजी फोडणीस पडते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतातल्या रानातल्या माणसांना तगविणाऱ्या अन्नांत मोहाचा वाटा मोठा होता. पण सरकारी दप्तरात मोह म्हणजे दारू. मुंबई इलाख्याने तर १८९२ साली मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदाच केला. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायकांच्याही मागणीने झाली आणि मला ती हवीच आहे. पण दारू वाईट म्हणून फूल वाईट, हा हिशेब द्राक्षाला कोणी लावीत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली फुले गोळा करण्यावरचे व बाळगण्यावरचे निर्बंध उठविले, तेव्हा कुठे लाडवाला कायद्याने मोकळा श्वास मिळाला.

इटलीतल्या डोंगरी भागात मोहाची जागा चेस्टनटच्या झाडाने घेतली आहे. त्याला तिकडे 'भाकरीचे झाड' म्हणतात. जेथे गहू पिकत नाही तेथे याची फळे शरद ऋतूत वेचून, दगडी झोपडीच्या माळ्यावर पसरून, खाली मंद धुनी पेटवून महिनाभर सुकवितात; मग सोलून दळतात. त्या पिठाला धुराचा वास असतो. टस्कनी प्रांतात त्याचा कास्तान्याच्चो नावाचा चपटा केक करतात : पीठ, पाणी, जैतुणाचे तेल, वर रोजमेरीची पाने आणि थोडे चिलगोज्यासारखे दाणे. साखर नाही, अंडे नाही, खमीर नाही. पहिल्या घासाला तो केक वाटत नाही असे म्हणतात. मोहाचा लाडूही पहिल्या घासाला लाडू वाटत नाही, दुसऱ्याला वाटतो.

लाल मुंग्यांच्या चटणीचा विषय निघाला की बाहेरून आलेल्या भगिनी नाक मुरडतात. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगते. या मुंग्या घाणीवर बसत नाहीत. आंब्यासारख्या झाडांवर उंच जागी, पाने शिवून केलेल्या घरट्यात राहतात. आणि त्यांच्या अंगचे आम्ल म्हणजेच चटणीचा आंबटपणा. आपण लिंबू पिळतो, इथे मुंगी वाटतात. मीठ, मिरची, लसूण यांबरोबर पाट्यावर वाटलेली ही चटणी जावेबरोबर घ्यावी. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या चटणीचे काय झाले? माझ्या नोकरीच्या काळात सुटीहून परतलेली एक मुलगी पानाच्या पुडीत ती घेऊन आली. मुलींनी चिडविले, शिकविणाऱ्यांपैकीही एकजण हसले. तिने पुडी शाळेच्या मागे मातीत पुरली. पुढे चार वर्षे ती मुलगी शाळेत होती. घरून काही आणल्याचे मी पाहिले नाही.

कायद्याने चुलीत कसा हात घातला त्याचे अजून एक उदाहरण म्हणजे वास्ते, बांबूचे कोवळे कोंब. १९२७ च्या वनकायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते, म्हणजे सरकारी माल. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, आणि आपण त्याला श्रावणातली भाजी म्हणतो! २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहेच. वास्त्यातही कडूकंदाप्रमाणे विषारी अंश असतो. बारीक चिरून, भिजवून, उकळून ते पाणी टाकून द्यावयाचे, आणि मगच डाळीत किंवा तांदळाच्या पिठीत शिजवावयाचे. घाईत पाणी न टाकणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. त्यांचा दोष नाही. त्यांना 'टाक' म्हणणारे कोणी घरात उरले नव्हते.

हे पदार्थ मागे का पडले, याचे उत्तर सरळ नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि इतर पात्र घरांतल्या माणसाला ५ किलो धान्य ठरले. इथे ते मुख्यतः तांदूळ म्हणून येते. त्या तांदळाने किती घरांत पावसाळ्यातली उपासमार टळली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पर्लकोटेला पूर येऊन रस्ता तुटे तेव्हा घरात पोतेभर तांदूळ असणे म्हणजे काय, हे शहरातल्या लेखकांना कळणार नाही. शिवाय कोसरी उखळात कांडणे हे मनगट मोडणारे काम. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली. कांडण कोणी करावे याविषयी त्या भाषणांत मी फारसे ऐकले नाही. तेव्हा सुनांनी पुन्हा मुसळ हाती घ्यावे असे मी म्हणणार नाही. गिरणीत कोसरी भरडून मिळाली तर जावा आपोआप परत येईल.

पण गिरणी कडूकंदाची काचरी जिभेला लावून पाहणार नाही. तेथे माणूसच लागते.

इटलीत हे पदार्थ वाचले ते कसे? त्यात पेल्लेग्रीनो आर्तुसी नावाच्या गृहस्थाचा वाटा आहे. हे व्यापारी, त्यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने पाककृतींचे पुस्तक छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. मग गावोगावच्या गृहिणी त्यांना पत्रे लिहू लागल्या : आमच्याकडे हे असे करतात, तुम्ही चुकलात, अमुक घालू नका. आर्तुसी त्या कृती घरी करून पाहात व पुस्तकात घालीत. शेवटी त्या ७९० झाल्या. दक्षिणेकडचे आणि अगदी गरिबांचे पदार्थ त्यांनीही पुष्कळ वगळले. ते पुढे इतरांनी लिहिले. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' झाले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले आणि घरोघरी गेले. त्या पुस्तकांविषयी मला आदर आहे. माझा स्वयंपाक त्यांवरच बसला. पण ती ज्या घरांसाठी लिहिली गेली त्या घरांत कोसरी शिजत नव्हती.

२३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून इथल्या आजारांची, जखमांची, शाळेची नोंद पुष्कळ झाली. चुलीची नोंद राहिली आहे, आणि ती डॉक्टरांचे किंवा सरकारचे काम नव्हे. आपल्यासारख्या मंडळाचेच आहे.

त्यासाठी दोनशे पानी वही मी आणून ठेविली आहे. पावसाळा सरून कंद निघू लागला की पहिली नोंद कडूकंदाची घ्यावयाची : कोणता वेल, काचरी किती पातळ, राख कोणत्या लाकडाची, ओढ्याचे पाणी गुडघाभर की घोट्याभर, आणि तो गोड झाला हे कशावरून ओळखले. सांगणारीची इच्छा असेल तरच तिचे नाव लिहावयाचे. मला माडिया बोलता येते, पण चुलीपाशी बसून बायका भराभर बोलू लागल्या की निम्मे सुटते. म्हणून जिची ती घरचीच भाषा आहे अशा दोघीजणी मला बरोबर हव्या आहेत. ज्या आजीबाईंकडे जावयाचे आहे त्यांना आता दिसत कमी आहे, परंतु हात अजून चालतात.